परड्याचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्याला साताऱ्याची गादी आठवते, अजिंक्यतारा आठवतो, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार आठवतं. आज आम्ही तुम्हाला नेणार आहोत घराच्या मागल्या दारी, परड्यात. चार वांगी, दोडक्याचा वेल, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला अळू, कोपऱ्यात शेवगा नाहीतर हदगा. एवढ्याशा जागेला कसला आलाय इतिहास, असं वाटेल. पण आहे, आणि तो आपल्या बायकांचा आहे. लिहून कुणी ठेवला नाही, एवढंच.

आधी झाडंच पाहू. वांगं, दोडका, काकडी ही आपल्या देशातली जुनी मंडळी. मिरची मात्र पाहुणी. ती मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतलं, आणि त्यांच्या जहाजांतून तिकडची पिकं आपल्या किनाऱ्याला लागली. त्याआधी कालवणाला तिखटपणा यायचा तो मिऱ्यानं आणि आल्यानं. टोमॅटो, बटाटा, लाल भोपळा हेही तिकडूनच आलेले. कोरेगाव भागाचा वाघ्या घेवडा घ्या. त्याचंही मूळ घराणं अमेरिकेतलं, पण इथं तो असा रुजला की २०१६ साली त्याला कोरेगावचं म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. परमुलखातलं बी आपलं होतं ते असं: कुणीतरी ते लावतं, चव घेतं, बी धरतं आणि कुंपणावरून शेजारणीला देतं.

बी धरण्याची आपली रीत आज्यांना तोंडपाठ होती. पहिलं चांगलं फळ खायचं नाही, ते वेलावरच पिकू द्यायचं. काकडीचं बी राखेत कालवून भिंतीला थापायचं. दोडका वाळवून आढ्याला टांगायचा. बाकीचं राखेसकट उतरंडीच्या मडक्यात. त्या काळी बियाण्याची बँक म्हणजे उतरंड, आणि तिच्या चाव्या बाईकडे.

आता जवळच्या काळाकडे येऊ. सातारा आणि सांगली हा पूर्वी एकच जिल्हा. १९४९ साली त्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली पडलं. दोन्हीकडचे गडी पोटासाठी मुंबईला जात. कुणी गिरणीत, कुणी माथाडी कामाला. गावाकडे मनिऑर्डर यायची. ती यायला उशीर झाला तरी चूल थांबत नसे, कारण मागच्या दारी काहीतरी उगवलेलं असायचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कितीतरी गावी परतले. मनिऑर्डर बंद आणि खाणारं तोंड वाढलेलं. संपाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. त्या दिवसांत गावाकडे कालवण कशाचं झालं, हे मात्र घरातल्या बाईलाच ठाऊक.

पण परड्याचं कौतुक करताना खोटं बोलायचं नाही. १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत इकडे प्यायलाच पाणी नव्हतं, तिथं वेलाला कुठून घालणार? तेव्हा माणसं जगली ती दुष्काळी कामांवर. आपल्या आज्या-आया खडी फोडायला गेल्या, पाझर तलावावर माती वाहिली. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे आपल्याच तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. पुढे १९७७ साली त्याचा कायदा झाला. परडं एकटं दुष्काळाला पुरत नाही. मात्र पाऊस पडल्यावर ज्या घरी मडक्यात बी शिल्लक होतं, तिथं भाजी लवकर उभी राहिली.

परड्याला खरा धक्का बसला तो भरभराटीच्या काळात. कृष्णाकाठी पाणी आलं, साखर कारखाने आले, पैसा आला, हे चांगलंच झालं. पण ज्वारीच्या रानात बायका मूग, मटकी, चवळी, अंबाडीच्या ओळी घालायच्या, त्या उसाच्या रानात बसेनात. भाजी आठवडी बाजारातून येऊ लागली आणि बी पाकिटातून. संकरित बियाण्याचं पीक जोरदार येतं, पण त्याच फळातलं बी धरलं तर पुढचं झाड तसंच निघेल याची खात्री नसते. म्हणून दरसाल विकत घ्यायचं. चावी बाईच्या हातून गेली ती अशी.

परडं पुन्हा का धरायचं, तर हिशेब करा. आठवड्याला दीडशे रुपयांची भाजी आणली तर वर्षाचे ७,८०० होतात. त्यातली निम्मी परड्यातून निघाली तर ३,९०० रुपये वाचले. गटाच्या वहीत ही रक्कम दिसत नाही, पण ती कमाईच आहे.

दुसरा हिशेब ताटाचा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. विकतची पावशेर भाजी आधी गड्यांना, मग पोरांना, आणि बाईला उरलेला रस्सा. मागच्या दारी शेवग्याचा पाला आणि राजगिरा असला तर तिच्या ताटातही मूठभर पडते. वर लिंबू पिळलं तर भाजीतलं लोह अंगी जास्त लागतं.

आमचं एवढंच मागणं आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक गावठी बी कागदात बांधून आणा. ते कुणाकडून आलं, कोणत्या गावचं, कधी लावायचं, हे गटाच्या वहीत लिहा. म्हाताऱ्या बायकांना विचारून लिहा, त्या आहेत तोवर. आणि एक दिवस ग्रामपंचायतीत जाऊन नमुना आठचा उतारा काढा. जिथं तुम्ही इतकी वर्षं पाणी घातलं, त्या घरजागेवर तुमचं नाव आहे का, तेही बघा.