काळविटाची कवटी : शोभा, शास्त्र आणि कायदा

कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ अवघे २.१७ चौरस किलोमीटर. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील ही हरणे अर्थातच अभयारण्याची हद्द पाळत नाहीत. ज्वारी-हरभऱ्याच्या रानात ती चरतात, कधी कठडा नसलेल्या विहिरीत पडतात, कधी मोकाट कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. बांधालगत मरून पडलेल्या नराची पीळदार शिंगे दिसली की ती घरी नेण्याचा मोह होतो. कवटीवरील मांस काढून ती पांढरीशुभ्र करावयाची आणि लाकडी फळीवर बसवून भिंतीला लावावयाची, या पद्धतीला पाश्चात्त्य शिकारी ‘युरोपीय मांडणी’ म्हणतात. कातडे भरून केलेल्या मुंडक्यापेक्षा ती सोपी व स्वस्त; म्हणूनच ती घरच्या घरी करून पाहण्याकडे कल असतो. काळविटाच्या बाबतीत मात्र हा छंद थेट तुरुंगापर्यंत नेऊ शकतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत काळविटाचा समावेश आहे. अधिनियमाच्या कलम ३९ नुसार वन्य प्राणी मारलेला असो वा आपोआप मेलेला, त्याचे शव, शिंगे, कवटी ही शासनाची मालमत्ता ठरते. अशी वस्तू हाती आल्यास ४८ तासांच्या आत नजीकच्या पोलीस ठाण्यास अथवा वन अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. ‘शिकार केली नाही, नुसते सापडले’ हा बचाव त्यामुळे पुरेसा ठरत नाही. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासंबंधीच्या गुन्ह्यास किमान तीन व कमाल सात वर्षांच्या कैदेची तरतूद असून, २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची किमान रक्कम २५ हजार रुपये झाली आहे. मृत काळवीट दिसल्यास हात न लावता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, हेच श्रेयस्कर.

जुन्या वाड्यांच्या देवडीत आजही दिसणाऱ्या शिंगांचे काय, हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे असतो. परवाना घेऊन शिकार करता येत असे त्या काळातील या वस्तू आहेत. त्या बाळगण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांचे मालकी प्रमाणपत्र लागते. ज्यांनी नोंद केली नव्हती त्यांना २००३ साली १८० दिवसांची विशेष मुदत देण्यात आली होती. ती केव्हाच संपली. प्रमाणपत्र असले तरी विक्री करता येत नाही. वारसाहक्काने वस्तू मिळाल्यास वारसाने ९० दिवसांत तसे घोषित करावयाचे असते, आणि नेमके हेच बहुतेकांच्या ध्यानी राहत नाही. प्रमाणपत्रधारकास ती नकोशी झाली असल्यास सात कामकाजाच्या दिवसांची पूर्वसूचना देऊन शासनाकडे सुपूर्द करण्याची सोय २०२२ च्या दुरुस्तीने केली आहे. त्याबद्दल मोबदला मिळत नाही.

प्राणिशास्त्राच्या दृष्टीने काळवीट हे चितळ-सांबरासारखे खरे हरीण नव्हे. ते कुरंग, म्हणजे गाय-शेळीच्या कुळातले. चितळाची फाटे असलेली शिंगे भरीव हाडाची असून ठरावीक काळाने गळून पडतात. काळविटाची आयुष्यभर टिकतात. आत कवटीतूनच उगवलेला हाडाचा गाभा आणि त्यावर नखासारख्या पदार्थाची पोकळ खोळ, अशी त्यांची रचना असते. बोकडाचीही नेमकी हीच रचना! त्यामुळे अभ्यासासाठी कवटी हवी असणाऱ्यास बोकडाची मुंडी पुरते आणि त्यास वन्यजीव कायद्याची आडकाठी नाही. फक्त खाटकाला ‘न भाजलेली, न फोडलेली’ असे आधी सांगून ठेवावे. अचानक मेलेल्या आणि नाका-तोंडातून काळसर, न गोठणारे रक्त आलेल्या जनावराला मात्र सुरी लावू नये. ती काळपुळीची (अँथ्रॅक्स) लक्षणे असू शकतात. हा रोग माणसालाही होतो आणि त्याचे बीजाणू मातीत अनेक वर्षे तग धरतात.

कातडे, डोळे, जीभ व शक्य तेवढे मांस काढून मुंडी झाकणाच्या बादलीत साध्या पाण्यात बुडवून ठेवतात. उरलेले काम जीवाणू करतात. उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे पुरतात, थंडीत अधिक लागतात. दुर्गंधी इतकी की बादली वस्तीपासून दूरच हवी. काही दिवसांत शिंगांच्या खोळी सैल होतात. त्या फिरवून काढून वेगळ्या वाळवाव्यात. मेंदू मानेकडील छिद्रातून पाण्याच्या धारेने निघतो. पाणी ओतताना गाळणी धरावी, कारण पुढचे दात सुटून वाहून जातात.

मुंडी खळखळून उकळणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत चुकीचा उपाय. त्याने चरबी हाडात मुरते, नाकातील पातळ हाडे चुरतात आणि कालांतराने कवटी पिवळी पडते. चरबी काढण्यासाठी कोमट पाण्यात भांड्यांचा द्रवरूप साबण घालून, पाणी गढूळ होताच बदलत, कित्येक आठवडे धीर धरावा लागतो. शेवटी औषधाच्या दुकानातील ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साईडमध्ये एक-दोन दिवस ठेवले की हाड पांढरे होते. हातमोजे घालावेत व भांड्याचे झाकण घट्ट लावू नये, कारण आत वायू तयार होतो. ब्लीचिंग पावडर टाळावी. ती हाडच ठिसूळ करते. पेरॉक्साईड खोळींना लागू देऊ नये, रंग उडतो. कवटी सावलीत पूर्ण वाळल्यावर खोळी पुन्हा गाभ्यांवर चढवून थोड्या डिंकाने पक्क्या कराव्यात. डावी-उजवी आधीच खुणावून ठेवलेली बरी.