रेघ कोठे टेकवायची?

साहित्याच्या वर्गात एका वाक्याचे दोन अर्थ निघाले, तर आम्हां शिक्षकांना आनंद होतो. संगणकप्रणाली घडवणाऱ्यांना मात्र असे वाक्य महागात पडते. 'वाचकाला पुस्तक राखून ठेवता यावे' ही ग्रंथालयाची साधी मागणी घेऊ. येथे पुस्तक म्हणजे ग्रंथ, की त्याची कपाटातील एक ठरावीक प्रत? वाक्य हा प्रश्न पोटात दडवू शकते. कागदावर 'वाचक', 'ग्रंथ' आणि 'प्रत' अशा तीन चौकटी काढल्या, की वाचकापासून निघालेली रेघ कोठे टेकवायची, हे ठरवावेच लागते. मतभेद तेथे उघडा पडतो.

या रेघेला इतिहास आहे. १९४७ मध्ये हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी गणनेचा क्रम दाखवण्यासाठी प्रवाहाकृती वापरल्या. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी वस्तू व त्यांचे परस्परसंबंध दाखवणारी आकृती मांडली. आमच्या तीन चौकटी त्याच कुळातल्या. पुढे ग्रेडी बूच, जेम्स रंबॉ आणि इव्हार जेकबसन यांच्या पद्धती एकत्र येऊन 'यूएमएल' ही चित्रभाषा घडली आणि १९९७ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली गेली.

प्रमाणभाषेबरोबर व्याकरणाचा धाकही आला. चौकोनी खूण भरीव की पोकळ, यानेही अर्थ बदलू लागला. मागणी करणारा ग्रंथपाल अशा चित्रासमोर मुका होतो, आणि मग चित्राचा हेतूच हरवतो.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात, स्नोबर्ड येथे जमलेल्या १७ जणांनी 'अजाइल' जाहीरनामा सिद्ध केला. काम लहान टप्प्यांत करावे, वापरणाऱ्यांशी सतत बोलावे, कागदपत्रांच्या पसाऱ्याहून चालत्या प्रणालीला अधिक मोल द्यावे, अशी ही दृष्टी. तीत आकृतीला जागा उरली काय? २००२ मध्ये स्कॉट अँब्लर यांनी 'अजाइल मॉडेलिंग' या ग्रंथात या प्रश्नाची सविस्तर चर्चा केली. आकृती पुरेशी असावी, परिपूर्ण नसली तरी चालेल. ती मागणी करणाऱ्यांसह काढावी आणि काम संपल्यावर खुशाल टाकून द्यावी, असा त्यांचा आग्रह होता.

फळ्यावर लिहून पुसणाऱ्या आम्हांला हे सहज पटते. ग्रंथालयाच्या तीन चौकटीही पुसल्या जातील. मागे उरेल ते सुधारलेले वाक्य: 'वाचकाला ग्रंथाची उपलब्ध होईल ती प्रत राखून ठेवता यावी.'