गाडीवर नेता येईल असं एमआरआय यंत्र : चुंबक लहान कसा करतात?

बीड : डोक्याला मार लागला, अर्धांगवायूचा झटका आला की डॉक्टर अनेकदा एमआरआय सांगतात. मग खेड्यातल्या रुग्णाला गाडीत घालून शहर गाठावं लागतं. यंत्रच रुग्णापर्यंत का येत नाही? याचं उत्तर त्यातल्या चुंबकात आहे.

चुंबक कशासाठी?
आपल्या अंगात पाणी जास्त आणि पाण्यात हायड्रोजन. ताकदवान चुंबकात हायड्रोजनची अणुकेंद्रं एका दिशेला कलतात. रेडिओ लहरींचा धक्का दिला की ती बारीक संदेश देतात, त्यावरून संगणक चित्र तयार करतो. यात एक्स-रेसारखे किरण नसतात.

मोठं यंत्र हलत का नाही?
दवाखान्यातला चुंबक बहुधा १.५ किंवा ३ टेस्लाचा असतो. त्याची तारेची गुंडाळी उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये थंड ठेवतात. वजन काही टन, आणि थंडाव्यासाठी रात्रंदिवस लाइट लागते.

लहान चुंबकाची युक्ती
मोबाइलच्या स्पीकरमध्ये असतो तसल्या निओडिमियम चुंबकाला करंट लागत नाही. त्याचे छोटे ठोकळे कड्यात बसवतात, प्रत्येकाची दिशा थोडी थोडी फिरवत. त्यामुळे जोर कड्याच्या आत एकवटतो आणि बाहेर फार कमी राहतो. या रचनेला हालबाख रचना म्हणतात. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी १२ मिलिमीटरचे २९४८ ठोकळे २३ कड्यांत बसवून ०.०५ टेस्लाचा चुंबक केला. त्यात डोकं मावतं. २०२२ मध्ये युगांडातल्या म्बरारा इथं असं यंत्र जागेवरच जोडण्यात आलं.

अडचणी कोणत्या?
• आतला जोर सगळीकडं सारखा हवा, नाहीतर चित्र वाकडं येतं. ठोकळे मात्र तंतोतंत सारखे नसतात.
• ऊन. तापमान एक अंश वाढलं की या चुंबकाचा जोर साधारण ०.१ टक्का घटतो. सकाळी २५ आणि दुपारी ४२ अंश असले, तर जवळपास दोन टक्के फरक. एमआरआयला तो फार होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चुंबकाचं तापमान सांभाळावंच लागेल.
• संदेश कमजोर, म्हणून चित्र भरड.

सध्या काय आहे?
अमेरिकेत २०२० मध्ये हायपरफाइन कंपनीच्या ०.०६४ टेस्लाच्या चाकांवरच्या यंत्राला परवानगी मिळाली. ते साध्या प्लगवर चालतं, पण फक्त डोक्यासाठी. भारतात मुंबईच्या ‘समीर’ या सरकारी संस्थेच्या पुढाकारानं १.५ टेस्लाचं देशी यंत्र तयार झालं. त्याच्या चाचणीसाठी २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्सशी करार झाला. ते मात्र मोठ्या जातीचं, दवाखान्यात बसवायचं यंत्र आहे.

हे लक्षात ठेवा
यंत्र लहान असलं तरी पेसमेकर किंवा अंगात लोखंडाचा तुकडा असेल तर आधी सांगा. भरड चित्रात बारीक गाठ निसटू शकते. रिपोर्ट नॉर्मल आला तरी त्रास थांबला नाही, तर दुखणं अंगावर काढू नका. परत डॉक्टरांकडं जा.