बाटलीची साक्ष आणि कालवाची

वसई तालुक्यातल्या वटारकडच्या किनाऱ्यावर प्रदूषणाचा विषय निघाला की जाणकारांचं उत्तर ठरलेलं: पाणी प्रयोगशाळेत पाठवा, शिंपल्यांचा घोळ कशाला? युक्तिवाद दिसतो चोख, पण तो तळ्याला शोभेल. वटारच्या उत्तरेला अर्नाळ्यापाशी वैतरणा समुद्राला मिळते. दक्षिणेला वसईच्या खाडीतून उल्हासचं पाणी येतं, बदलापूर-अंबरनाथपासूनच्या कारखान्यांचा माल घेऊन. उधाणाला इथे पाणी चार मीटरवर चढतं-उतरतं. बाटली भरतीला बुडवली तर समुद्र तपासला, ओहोटीला बुडवली तर नदी. रात्री सोडलेलं रसायन सकाळच्या बाटलीत सापडेलच असं नाही. शिवाय जड धातू बरेचसे गाळाला चिकटून येतात. नमुना गाळून तपासला की ते गाळणीवरच राहिले.

खडकावरचं कालव जागा सोडत नाही. ओहोटीला मिटून बसतं, पाणी चढलं की तासाला काही लिटर पाणी कल्ल्यांतून गाळतं आणि त्यातलं तांबं, जस्त, कॅडमियम अंगात साठवतं. याच गुणावर बोट ठेवून सागरी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी 1975 साली जगभर शिंपल्यांच्या पाहणीची कल्पना मांडली. अमेरिकेनं 1986 पासून ती राष्ट्रीय पातळीवर राबवली. फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरात तर कालवांची शिंपली बेढब जाड होऊ लागली, पिल्लं धरेनात. कारण निघालं बोटींच्या रंगातलं कथिलाचं संयुग. 1982 साली तिथे त्या रंगावर निर्बंध आले.

यावर आक्षेप येतो: कालव लहान-मोठं असतं, अंडी टाकल्यावर वजन घटतं, पावसाळ्यात पाणी गोडं होतं; मग आकडे कसे जुळायचे? आक्षेप खरा आहे. पण त्यावरून पद्धत मोडीत निघत नाही, तिला शिस्त लागते. एकच जात, एकच आकार, तोच खडक, तोच हंगाम. आणि तपासण्याआधी स्वच्छ पाण्यात ठेवून पोटातला गाळ काढायचा. शिनाणे हे शिंपले जस्ताची पातळी बरीचशी आवरून धरतात, म्हणून जस्तासाठी कालवच घ्यावं.

‘कालवं जगतायत, म्हणजे पाणी चांगलं’ हे तर उलटंच. धातू प्रथिनांत बांधून ठेवायची सोय असल्यानंच ती जगतात. कालवण कितीही उकळा, कॅडमियम पातेल्यातच राहतं.

बाटली मात्र फेकायची नाही. पाण्यातला प्राणवायू मोजायला तीच हवी. तो कालवाला विचारून कळत नाही.