टेंभलीचा नंबर

नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत व्हीएमवेअर कंपनी निघाली. एका सर्व्हरच्या पोटात अनेक सर्व्हर, ही तिची करामत. (मूळ कल्पना आयबीएमची, १९६० च्या दशकातली. आमच्या धंद्यात नवं फारसं काही नसतंच!) २००६ मध्ये ॲमेझॉनने असे सर्व्हर तासावर भाड्याने दिले आणि छोट्या कंपन्यांचा मशीनवरचा खर्च वाचला.

आता म्हणाल, ह्यात नंदुरबार कुठून आलं? तर २९ सप्टेंबर २०१० ला ह्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार नंबर मिळाला. आधारची डेटा सेंटर्स स्वतःची, भाड्याचा क्लाऊड नव्हे. पण अक्कल तीच. एकच महागडं अजस्र मशीन घेण्याऐवजी साध्या सर्व्हरांच्या रांगा, गरज वाढली की आणखी जोडा.

धंद्याला ह्याचा फायदा झालाच. २०१६ मध्ये जिओ आलं. अंगठा लावा, काही मिनिटांत सिम! साधारण १७० दिवसांत १० कोटी ग्राहक. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाजगी कंपन्यांच्या ह्या वापराला चाप लावला, पण तोवर ग्राहक जोडून झाले होते.

आणि टेंभली? पत्रकार पुन्हा तिथे गेले, तेव्हा रंजनाताईंची तक्रार रोजगाराचीच होती.