ओडिशातील आपत्ती, दारिद्र्य आणि शाश्वत विकास : १८६६ ते २०१९

प्रस्तावना

पूर, दुष्काळ किंवा चक्रीवादळ निसर्गातून येते. पण त्यात कोण मरते आणि कोण सावरते, हे बहुतांशी समाजरचना ठरवते. हे विधान तपासण्यासाठी आपण ओडिशाच्या इतिहासातील तीन प्रसंग पाहू.

१. ना-अंक दुष्काळ (१८६६)

१८६५ मध्ये पाऊस लवकर थांबला आणि भाताचे मुख्य पीक बुडाले. आधीच्या हंगामात ओडिशातून तांदूळ बाहेर गेला होता, त्यामुळे गावात साठा नव्हता. तरीही धान्यव्यापारात हस्तक्षेप करायचा नाही, हे बंगाल सरकारचे धोरण कायम राहिले. बाहेरून तांदूळ आणण्याचा निर्णय झाला तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता; खवळलेल्या समुद्रामुळे जहाजांतून धान्य उतरवणे अवघड झाले. सुमारे १० लाख माणसे मृत्युमुखी पडली. भूमिहीन मजूर आणि कारागीर यांना सर्वाधिक झळ बसली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या, त्यामागे असे अनुभव होते.

२. महाचक्रीवादळ (१९९९)

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाचे वादळ पारादीपजवळ किनाऱ्यावर आले. जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा भागात समुद्राचे पाणी गावांत शिरले. सुमारे १० हजार लोक दगावले. इशारा मिळाला तरी जायचे कोठे, हा प्रश्न होता. पक्के निवारे मोजकेच होते. मातीच्या घरात आणि सखल जमिनीवर राहणारे कुटुंब आधी बुडाले.

जे वाचले त्यांचे काय झाले? शेतात खारे पाणी साचले, बैल व गाई वाहून गेल्या. बैल गेला की नांगरट थांबते, नांगरट थांबली की सावकार आठवतो, आणि कर्ज फिटत नाही म्हणून घरातील तरुण परगावी जातो. यालाच आपण दारिद्र्याचे दुष्टचक्र म्हणतो.

येथे निसर्गाचीही एक बाजू लक्षात घ्या. केंद्रपाडा जिल्ह्यात ज्या गावांसमोर कांदळवनाचा रुंद पट्टा शिल्लक होता, तेथे मृत्यू कमी झाल्याचे अभ्यासकांना आढळले. म्हणजेच जंगल राखणे हेही संरक्षणच होते.

३. फायलिन (२०१३) आणि फनी (२०१९)

१९९९ नंतर राज्याने स्वतंत्र आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन केले. हळूहळू किनाऱ्यावर ८०० हून अधिक बहुउद्देशीय निवारे उभे राहिले आणि गावोगावी स्वयंसेवक तयार झाले. फायलिनच्या वेळी सुमारे १० लाख, तर फनीच्या वेळी सुमारे १२ लाख लोक आधीच हलवले गेले. फायलिनमध्ये मृतांचा आकडा ५० च्या आत राहिला. फनीमध्ये तो ६४ होता. २० वर्षांतील हा बदल मोठाच आहे.

मात्र चित्र येथे पूर्ण होत नाही. फनीने पुरी जिल्ह्यातील कच्ची घरे, नारळाची झाडे आणि पानमळे उद्ध्वस्त केले. पडलेल्या माडाच्या जागी लावलेले रोप फळ देईपर्यंत काही वर्षे जातात. तोवर घर कशावर चालावे? दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्याच्या नावावर सातबाऱ्यासारखी नोंद नसते, त्यामुळे पिकाची भरपाई त्याच्यापर्यंत पोहोचणे कठीण जाते. निवाऱ्याने जीव वाचतो, उपजीविका वाचत नाही.

समारोप

२०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत दारिद्र्य निर्मूलनाच्या पहिल्याच उद्दिष्टाखाली गरिबांची आपत्तींना तोंड देण्याची क्षमता वाढवण्याचे लक्ष्य आहे. ओडिशाचा इतिहास त्याचे कारण सांगतो. १८६६ मध्ये शासन उशिरा हलले, १९९९ मध्ये तयारी अपुरी पडली, २०१९ मध्ये माणसे वाचली. पक्के घर, जमिनीचा हक्क, पीक व पशुधनाचा विमा आणि राखलेले कांदळवन ही पुढची पायरी आहे.

विचार करा : तुमच्या जिल्ह्यातील एखाद्या आपत्तीनंतर सर्वांत उशिरा कोण सावरले आणि का, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.