लोखंडावर उगवलेले रान

खनिजापासून लोखंड काढणाऱ्या झोतभट्टीला आतून विटांचे अस्तर असते. भट्टीची आग सोसण्यासाठीच त्या विटा भाजून पक्क्या केलेल्या असतात. तरीही त्या कधी कधी आतल्या आत फुगून फुटत. नवल असे, की भट्टीच्या पोटात जेथे आग सर्वांत प्रखर तेथे हे घडत नसे. घडे ते वरच्या अंगाला, जेथे उष्णता त्या मानाने बेताची, चारपाचशे अंशांची असे. इंग्लंडातील डेव्हिस, स्लॉसन आणि रिग्बी या तिघांनी 1953 साली ‘नेचर’मध्ये या रोगाचे निदान मांडले. विटेच्या मातीत लोहाचे बारीक ठिपके राहून गेलेले असतात. भट्टीतला कार्बन मोनॉक्साइड वायू त्या ठिपक्यांशी आला की त्यातला कार्बन सुटा होतो आणि तेथेच साचू लागतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले तेव्हा साध्या काजळीऐवजी वेडेवाकडे वळलेले तंतूच तंतू दिसले. भिंतीच्या फटीत पिंपळाचे मूळ शिरावे आणि भिंत दुभंगावी, तसे हे तंतू विटेला आतून फोडीत होते.

धातूवर कार्बन असा उगवतो, हे काही त्या दिवशी प्रथमच कळले असे नव्हे. ह्यूज आणि चेंबर्स या दोघांनी 1889 साली अमेरिकेत एक पेटंट घेतले होते. लोखंडी मुशीत मिथेन व हायड्रोजन तापवून कार्बनचे केस काढण्याची कृती त्यात आहे. त्या काळी विजेच्या दिव्यातली तारही कार्बनचीच असे, तेव्हा कोणाला असे केस हवेसे वाटले तर त्यात आश्चर्य नाही. पण ते केस भरीव की पोकळ, हे पाहण्याचे साधन त्या काळी जगात नव्हते.

ते साधन हाती आल्यावर 1952 साली, म्हणजे विटांच्या निदानाच्या आदल्याच वर्षी, सोव्हिएत रशियातील रादुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी लोहावर उगवलेल्या तंतूंची छायाचित्रे छापली. त्या चित्रांत तंतू स्वच्छ पोकळ दिसतात. जाडी सुमारे 50 नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. यावरून वाचकांनी अदमास करावा. लेख रशियन भाषेत, रशियन नियतकालिकात, आणि काळ शीतयुद्धाचा. पश्चिमेकडे तो फारसा कोणी वाचलाच नाही.

पुढची वीसपंचवीस वर्षे या तंतूंचा अभ्यास झाला तो बहुतेक शत्रूचा अभ्यास करावा तसा. कारखान्यांच्या नळ्या त्यांच्यामुळे तुंबत, धातूची भुकटी होई. इंग्लंडात हार्वेल येथील अणुशक्ती केंद्रात बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये एक सुंदर प्रयोग केला. त्यांनी ॲसिटिलीन वायू निकेलच्या कणांवर सोडला आणि तंतू वाढत असतानाच तो सूक्ष्मदर्शकातून पाहिला. निकेलचा कण एका बाजूने कार्बन गिळतो आणि दुसऱ्या बाजूने तंतूच्या रूपाने बाहेर टाकतो. तंतू वाढतो तसा तो कण त्याच्या शेंड्यावर स्वार होऊन वर वर जातो. कोळी आपला धागा काढीत जातो, तसाच हा प्रकार. सारी वाढ त्या कणाच्या जिवावर असते. तो मेला की तंतू खुंटला. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे नाट्य तिच्यावरच घडले आहे.

मग 1991 साल उजाडले. जपानात त्सुकुबा येथे सुमिओ इइजिमा यांना या नळ्या सापडल्या, आणि त्याही धातूवर नव्हेत, तर कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पेटवून जमलेल्या थरात. ‘शोध कोणी व केव्हा लावला’ हा प्रश्न वर्गात घालणे ही आम्हां मास्तरांची जुनी खोड. या प्रश्नाचे उत्तर पुस्तकांतून ‘इइजिमा, 1991’ असे एका ओळीत येऊ लागले. 2006 साली ‘कार्बन’ या नियतकालिकाच्या संपादकीयातच हा वाद उघड मांडला गेला आणि रशियन जोडीचे नाव पुढे आले. माझ्या मते इइजिमांचा मान कमी करण्याचे कारण नाही. कार्बनच्या पत्र्याची सुरळी होऊन एकात एक नळ्या कशा बसतात हे त्यांनी नेमके उलगडून दाखविले, आणि ते ऐकायला जगही तयार होते. पण चाळीस वर्षे आधी ज्यांनी ती पोकळी पाहिली, त्यांना कोणी ऐकले नाही म्हणून त्यांनी पाहिलेच नाही असे कसे म्हणावे?

इतके होईपर्यंत नळ्या मिळत त्या गुंतवळासारख्या. त्यांच्यातून वीज किंवा उष्णता एका दिशेने न्यायची तर त्या एकमेकींशेजारी ताठ उभ्या हव्यात. 1996 मध्ये बीजिंगच्या शास्त्रज्ञांनी, 1998 मध्ये बफेलो येथील रेन यांनी व 1999 मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी तशी राने उभी केली. यांतली एक युक्ती आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. ताग दाट पेरला की आडवे पसरायला जागाच उरत नाही, झाड मुकाट्याने सरळ वर जाते. धातूचे कण दाट पेरले की नळ्याही तशाच वाढतात.

परंतु ही राने उभी होती काचेवर, सिलिकावर आणि सिलिकॉनवर. वीज न्यायची तर पायाशी धातू हवा, आणि धातू तर या पिकाची मूळ भूमी! तेथेच ते का येईना? कारण तापलेला धातू आपल्यावर पेरलेले बी स्वतःच गिळतो. लोहाचे इवलेसे कण खालच्या धातूत विरून जातात आणि पेरणी वाया जाते. मध्ये ऑक्साइडचा जाड थर दिला तर बी वाचते, पण तो थर वीज अडवितो.

ही कोंडी 2006 साली अमेरिकेत रेन्सेलर संस्थेत फुटली. सैकत तालपात्रा, पुलिकेल अजयन आणि त्यांचे सहकारी यांनी इन्कोनेल या निकेल, क्रोमियम व लोहाच्या मिश्रधातूवर नळ्यांचे उभे रान थेट उगवले. अजयन मूळचे केरळचे, बनारस हिंदू विद्यापीठात धातुशास्त्र शिकलेले, आणि पुढे इइजिमांच्याच प्रयोगशाळेत काम केलेले. बी आधी पेरून न ठेवता त्यांनी ते वाफेतूनच, कार्बनच्या बरोबर आणून सोडले. नळ्या धातूला जोडलेल्या राहिल्या आणि वीज खालून वर वाहिली.

ॲल्युमिनियमची अडचण निराळी. तो 660 अंशांना वितळतो, आणि हवेत नुसता ठेवला तरी त्यावर ऑक्साइडची साय धरते. अमेरिकेतील एमआयटीत केहांग कुई व ब्रायन वॉर्डल यांनी ही साय मिठाच्या पाण्याने काढली. मीठ! मग हवा लागू न देता तो पत्रा भट्टीत घातला, तर नळ्या नेहमीपेक्षा शंभरेक अंश कमी उष्णतेत उगवल्या. त्यांना हवी होती वीज व उष्णता वाहण्याची शक्ती. पण पत्रा बाहेर काढला तो पूर्वीपेक्षा काळा वाटला, म्हणून मोजून पाहिले. पडलेल्या प्रकाशापैकी निदान 99.995 टक्के तो गिळीत होता. उभ्या नळ्यांच्या दाटीत शिरलेला किरण इकडून तिकडे आपटत तेथेच संपत होता. डीमुट श्ट्रेबे या कलावतीने 2019 साली न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात वीस लक्ष डॉलर किमतीचा एक पिवळा हिरा मांडला. त्यावर या नळ्यांचे आवरण चढविलेले होते. लोक त्याच्यापुढे उभे राहत, आणि त्यांना हिऱ्याचे पैलू दिसत नसत. दिसे ते केवळ हिऱ्याच्या आकाराचे एक काळे भोक.